एक्सेलचा फॉर्म उघडला की एक्सेलच बंद पडतं? दुरुस्ती कुठून सुरू करायची

पतसंस्थेची हप्तावसुली, शाळेचे दाखले, हाउसिंग सोसायटीच्या पावत्या. आपल्याकडे असं कितीतरी रोजचं काम कुणीतरी कधीकाळी व्हीबीएमध्ये, म्हणजे ऑफिसमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, बनवलेल्या एक्सेलच्या फॉर्मवर चालतं. बनवणारा माणूस बदलून जातो, फॉर्म मागे राहतो. मग नवा संगणक येतो किंवा ऑफिसची आवृत्ती बदलते आणि एक दिवस ‘नवी नोंद’चं बटण दाबलं की फॉर्मसकट अख्खं एक्सेल नाहीसं होतं. ती फाइल आता ज्याच्या गळ्यात पडली आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. तुम्हाला व्हीबीए थोडंफार वाचता येतं, ऑल्ट आणि एफ११ दाबून संपादक उघडता येतो, एवढं मी धरून चालतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढची सगळी शोधाशोध तिच्यावर उभी आहे. व्हीबीएतली साधी चूक एक्सेलला बंद पाडत नाही. शून्याने भागलं, नसलेल्या शीटचं नाव दिलं, आकड्याच्या जागी मजकूर आला, तर व्हीबीए झालेल्या चुकीचा क्रमांक दाखवून थांबतं. एक्सेल स्वतः कोसळतं ते बहुतेक वेळा कोड व्हीबीएच्या हद्दीबाहेर गेल्यावर: विंडोजच्या एपीआयला (विंडोजच्या स्वतःच्या तयार फंक्शनांना) थेट हाक मारली, बाहेरून आणलेलं कंट्रोल (फॉर्मवरचं बटण, यादी यांसारखा घटक) वापरलं, मेमरीतून गेलेल्या फॉर्मला हात लावला, किंवा एकच इव्हेंट (बटण दाबलं, मजकूर बदलला अशा वेळी आपोआप चालणारा कोड) स्वतःला पुन्हापुन्हा बोलावत राहिला. म्हणून हजार ओळी वाचायला बसू नका. संशयाच्या जागा मोजक्याच असतात.

पहिली पायरी : प्रत काढा, मगच हात लावा

मूळ फाइल तशीच बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. ही प्रत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असू द्या. पेनड्राइव्ह, नेटवर्कवरचा फोल्डर किंवा वनड्राइव्ह नको. प्रत्येक चाचणीआधी कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावून घ्या. ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं, म्हणजे मधली नऊ मिनिटांची मेहनत जाऊ शकते.

फाइल उघडताक्षणीच फॉर्म येऊन एक्सेल कोसळत असेल, तर आधी नुसतं एक्सेल सुरू करा आणि शिफ्ट दाबून धरून फाइल मेनूतल्या ‘ओपन’मधून ती फाइल उघडा. आपोआप चालणारा वर्कबुक-ओपनचा कोड मग चालत नाही आणि तुम्हाला संपादकापर्यंत पोचता येतं.

दुसरी पायरी : अडकलं की कोसळलं, हे ठरवा

ऑफिसमध्ये दोन्हीला ‘हँग झालं’ म्हणतात, पण आजार वेगळे आहेत. पडदा पांढुरका झाला, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं आणि एक्सेल तसंच उभं राहिलं, तर कोड बहुधा न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला आहे. एस्केप किंवा कंट्रोल आणि ब्रेक दाबून पाहा. अनेकदा कोड थांबतो आणि कोणत्या ओळीवर होता ते पिवळं होऊन दिसतं. एक्सेल क्षणात नाहीसं झालं असेल तरच ते खरं कोसळणं.

कोसळल्याची नोंद विंडोज स्वतः ठेवतं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’खालचं ‘ॲप्लिकेशन’ उघडा आणि त्या वेळेची लाल खुणेची नोंद पाहा. इव्हेंट आयडी १००० असेल तर एक्सेल कोसळलं, १००२ असेल तर अडकलं. १०००च्या नोंदीत दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं नाव आणि ‘एक्सेप्शन कोड’.

मॉड्यूल एफएम२० असेल तर कोसळताना एक्सेल फॉर्मच्या लायब्ररीत होतं. व्हीबीई७ असेल तर व्हीबीएच्या इंजिनात. नावाच्या शेवटी ओसीएक्स असेल तर बाहेरचं कंट्रोल. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर ते बहुधा कुठल्यातरी ॲड-इनचं, म्हणजे एक्सेलला जोडलेल्या पूरक प्रोग्रामचं असतं. मग फॉर्मला दोष देण्याआधी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ॲड-इन्स’मध्ये जाऊन कॉम ॲड-इन्सच्या खुणा काढा आणि पुन्हा चालवून पाहा. एक्सेप्शन कोडच्या शेवटी ०००५ असेल तर कोडने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला. शेवटी ००एफडी असेल तर स्टॅक (अजून न संपलेल्या हाकांची नोंद ठेवणारी मेमरी) भरून वाहिला, म्हणजे काहीतरी स्वतःलाच बोलावत सुटलं आहे. मात्र या नोंदीत कोसळण्याची जागा मिळते, चूक त्याच्या बऱ्याच आधी झालेली असू शकते. म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

तिसरी पायरी : शेवटची जिवंत ओळ शोधा

संपादकाच्या ‘टूल्स’ मेनूत ‘ऑप्शन्स’, त्यात ‘जनरल’, तिथे ‘एरर ट्रॅपिंग’मध्ये ‘ब्रेक इन क्लास मॉड्यूल’ निवडा. फॉर्म हा आतून क्लास मॉड्यूल असतो. मूळ सेटिंग ठेवलं तर फॉर्म तयार होताना चालणाऱ्या इनिशियलाइझमधली चूकसुद्धा फॉर्म उघडणाऱ्या ‘शो’च्या ओळीवर दाखवली जाते, आणि नवखा माणूस त्या निर्दोष ओळीत तासभर चूक शोधत बसतो.

मग पूर्ण प्रोजेक्टमध्ये ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ शोधा आणि चाचणीपुरत्या त्या ओळी बंद करा. या ओळीमुळे व्हीबीए चूक गिळून पुढे जातं, रिकामं राहिलेलं ऑब्जेक्ट किंवा शून्य हँडल (विंडोजने खिडकीसारख्या गोष्टीला दिलेला ओळखक्रमांक) पुढच्या एपीआयच्या हातात पडतं, आणि साध्या संदेशावर मिटलं असतं ते प्रकरण एक्सेल कोसळण्यापर्यंत जातं. ‘डीबग’ मेनूतलं ‘कंपाइल’ही चालवा. तिथे अडलं तर आधी ते सोडवा.

आता लॉग. डीबग-प्रिंटवर विसंबू नका. ते इमिजिएट विंडोत लिहितं आणि एक्सेलबरोबर ती विंडोही जाते. लॉग डिस्कवरच हवा. एक छोटी प्रोसिजर लिहा: फ्रीफाइलने मोकळा क्रमांक घ्या, मजकुराची फाइल ‘अपेंड’साठी उघडा, वेळ आणि दिलेलं वाक्य प्रिंट करा, फाइल बंद करा. दर ओळीला उघडायची आणि दर ओळीला बंद करायची. उघडी ठेवली तर शेवटच्या ओळी बफरमध्येच राहतात, आणि तुम्हाला नेमक्या त्याच हव्या असतात.

लॉगचा मजकूर रोमन लिपीत ठेवा, कारण व्हीबीएचं प्रिंट देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं लिहितं. लॉगचा फोल्डरही रोमन नावाचा आणि ठरावीक असू द्या, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर ‘लॉग’ नावाचा. थिसवर्कबुकच्या ‘पाथ’वर अवलंबून राहू नका, फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर तो पाथ वेबच्या पत्त्यासारखा येतो आणि ‘ओपन’ तिथे लिहू शकत नाही.

लॉगची ओळ प्रत्येक इव्हेंटच्या सुरुवातीला आणि शेवटी टाका, शिवाय प्रत्येक एपीआय हाकेच्या आधी आणि नंतर. फॉर्म चालवा, एक्सेल कोसळू द्या, मग लॉगची शेवटची ओळ वाचा. ती आणि तिच्यानंतर यायला हवी होती ती ओळ, या दोघींच्या मधल्या कोडमध्ये आणखी लॉग टाका. अशा दोनतीन फेऱ्यांत शोध एकदोन ओळींपर्यंत येतो. एफ८ने एकेक ओळ चालवताना सगळं सुरळीत होतं आणि पूर्ण वेगात कोसळतं, असं दिसलं तर आनंद माना, कारण तोही धागाच आहे: दोष वेळेचा आहे, टायमर किंवा डू-इव्हेंट्सच्या (कोड चालू असताना मधेच बाकीची कामं होऊ देणाऱ्या आज्ञेच्या) आसपासचा.

चौथी पायरी : नेहमीचे संशयित

३२ बिट आणि ६४ बिट. नव्या संगणकावर फॉर्म कोसळू लागला असेल तर सुरुवात इथूनच करा. ६४ बिटचं ऑफिस २०१०पासून मिळतं, पण २०१९पासून काही वेगळं निवडलं नाही तर तेच बसतं. त्यामुळे जुन्या संगणकावर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड नव्यावर अचानक आजारी पडतो. तुमचं कोणतं आहे ते ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ इथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

मॉड्यूलच्या माथ्यावर ‘डिक्लेअर’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे विंडोजच्या एपीआयच्या हाका. ६४ बिटमध्ये त्यांना ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द लागतो, नाहीतर कोड कंपाइलच होत नाही. इथे नवखी मंडळी घात करून घेतात: सगळीकडे तो शब्द चिकटवतात, लाल ओळी काळ्या होतात, काम झालं असं वाटतं. पण हा शब्द म्हणजे तुम्ही व्हीबीएला दिलेली हमी आहे की प्रकार मी तपासले आहेत. तपासणी तो करत नाही. ६४ बिटमध्ये मेमरीचा पत्ता ८ बाइटचा असतो आणि ‘लाँग’ ४ बाइटचाच राहतो. पत्ता अर्धा कापला गेला की कधी व्हीबीए तक्रार करतं, आणि कधी तो अर्धा पत्ता विंडोजपर्यंत पोचून एक्सेल जातं.

म्हणून प्रत्येक डिक्लेअर सावकाश वाचा. विंडोचं हँडल, मेमरीचा पत्ता, ॲड्रेस-ऑफने दिलेला प्रोसिजरचा पत्ता, एसटीआर-पीटीआर किंवा व्हीएआर-पीटीआरने दिलेली किंमत, हे सगळं ‘लाँग-पीटीआर’ हवं. फाइंड-विंडोसारख्या फंक्शनने परत दिलेलं हँडल आणि ते साठवणारे तुमचे व्हेरिएबलसुद्धा. विसरलं जातं ते बहुधा हेच शेवटचं. उलट मिलिसेकंद, रंग, मोजणी, फ्लॅग हे ‘लाँग’च राहू द्या, सरसकट बदल केला तर नव्या चुका येतात.

त्याहून मोलाचा प्रश्न असा: ही हाक लागतेच का? फॉर्मचं बंद करायचं एक्स बटण लपवायला लोक एपीआय वापरतात. खरं तर फॉर्मच्या क्वेरी-क्लोज इव्हेंटमध्ये ‘क्लोज-मोड’ शून्य असेल तेव्हा ‘कॅन्सल’ला ट्रू दिलं की एक्स दाबून फॉर्म बंद होत नाही. बाहेरच्या कोडशिवाय भागत असेल तर ती डिक्लेअर काढून टाका, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

टायमर आणि माउसचं चाक. सेट-टायमरला तुमच्या प्रोसिजरचा पत्ता दिला की विंडोज ठरावीक वेळाने थेट त्या पत्त्यावर येतं. त्या प्रोसिजरमध्ये न हाताळलेली चूक झाली, किंवा टायमर चालू असताना तुम्ही संपादकात ‘रिसेट’ दाबलं, कोड बदलला, की पत्त्यावर अपेक्षित असलेलं काही उरत नाही आणि एक्सेल पडतं. लिस्टबॉक्समध्ये माउसचं चाक चालावं म्हणून विंडोचे संदेश अडवणारा जो कोड वापरतात, त्याचीही तीच गत. अशा कोडवर एफ८ किंवा ब्रेकपॉइंट वापरू नका. तिथे लॉगच उपयोगी.

घड्याळ दाखवणं, दर मिनिटाला आकडे ताजे करणं, याला ॲप्लिकेशनचं ‘ऑन-टाइम’ पुरतं. फक्त ठरवलेली वेळ मॉड्यूल पातळीवर साठवून ठेवा आणि फॉर्म बंद होताना तीच वेळ देऊन ‘शेड्यूल’ फॉल्स करा. नाही केलं तर वर्कबुक बंद केल्यावरही, एक्सेल उघडं असेल तर, ते ठरलेल्या वेळी पुन्हा उघडतं.

मराठी संदेश. हा मुद्दा आपल्या लोकांनाच छळतो. व्हीबीएचा संपादक युनिकोड नाही, म्हणून कोडमध्ये ‘नोंद जतन झाली’ लिहिलं की तिथे प्रश्नचिन्हं उमटतात आणि व्हीबीएच्या मेसेज-बॉक्समध्येही देवनागरी येत नाही. मग कुणीतरी इंटरनेटवरून मेसेज-बॉक्सचं एपीआय रूप उचलतं, जुन्या ३२ बिटच्या डिक्लेअरसकट, आणि मराठी संदेशाच्या हट्टापायी एक्सेल पडू लागतं. हट्ट अगदी रास्त आहे, वाट वेगळी घ्या. सगळे मराठी मजकूर एका लपवलेल्या शीटच्या सेलमध्ये लिहा. एक लेबल आणि एक बटण असलेला छोटा फॉर्म बनवा आणि चालताना सेलमधला मजकूर लेबलच्या कॅप्शनला द्या. फॉर्मवरची कंट्रोल्स देवनागरी व्यवस्थित दाखवतात. फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय ठेवा. बाकीच्या लेबलांची नावंही इनिशियलाइझमध्ये याच शीटवरून भरता येतात, आणि मग शब्द बदलायला कोड उघडावाच लागत नाही.

स्वतःला बोलावणारे इव्हेंट. समजा फॉर्मवर सवलतीचे टक्के आणि सवलतीचे रुपये अशा दोन टेक्स्टबॉक्स आहेत. टक्के बदलले की रुपये काढायचे, रुपये बदलले की टक्के. टक्क्यांच्या चेंज इव्हेंटने रुपये लिहिले, त्याने रुपयांचा चेंज उठला, त्याने पूर्णांक करून टक्के थोडे वेगळे लिहिले, पुन्हा पहिला उठला. कधी ‘आउट ऑफ स्टॅक स्पेस’ म्हणजे २८ क्रमांकाची चूक येते, कधी एक्सेलच जातं. इथे ‘एनेबल-इव्हेंट्स’ फॉल्स करून भागत नाही. ती सोय शीट आणि वर्कबुकच्या इव्हेंटसाठी आहे, फॉर्मवरची कंट्रोल्स तिला जुमानत नाहीत. फॉर्मच्या माथ्यावर स्वतःचा एक बूलियन ठेवा. चेंजमध्ये शिरताच तो ट्रू असेल तर बाहेर पडा, नसेल तर ट्रू करा, काम करा, शेवटी फॉल्स करा. याहून स्वच्छ उपाय म्हणजे ही आकडेमोड आफ्टर-अपडेट इव्हेंटमध्ये न्यायची. तो वापरणाऱ्याने बदल केल्यावरच उठतो, कोडने बदल केल्यावर नाही.

फॉर्म गेला, कोड चालूच. ‘अनलोड मी’च्या खालच्या ओळीही चालतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्या ओळींनी एखाद्या टेक्स्टबॉक्सची किंमत विचारली तर फॉर्म न दिसता पुन्हा लोड होतो, इनिशियलाइझ पुन्हा चालतं आणि मेमरीत रिकामा फॉर्म उभा राहतो. त्यावर डू-इव्हेंट्सची भर पडली की पंचाईत वाढते. मोठ्या लूपमध्ये डू-इव्हेंट्स टाकलं की वापरणाऱ्याला तेच बटण पुन्हा दाबता येतं, फॉर्म बंद करता येतो, आणि अर्धवट लूप परत येऊन नाहीशा झालेल्या प्रोग्रेस-बारवर लिहू पाहतो. लूप सुरू करण्याआधी बटण डिसेबल करा आणि काम चालू असेपर्यंत क्वेरी-क्लोजमध्ये बंद करणं अडवा. फॉर्मने ‘ओके’वर फक्त ‘हाइड’ व्हावं. ज्या मॉड्यूलने तो उघडला त्याने किंमती वाचाव्यात आणि मग अनलोड करावा. मोडलेस फॉर्म, म्हणजे उघडा असताना शीटवरही काम करू देणारा, नवख्यांनी शक्यतो टाळावा. एक्सेल २०१३पासून प्रत्येक वर्कबुकची खिडकी वेगळी आहे आणि असा फॉर्म ज्या खिडकीवर उघडला तिच्याशीच बांधलेला राहतो.

रो-सोर्स. लिस्टबॉक्सला रो-सोर्सने शीटची रेंज बांधली आणि ‘नोंद काढा’ बटणाने त्याच रेंजमधली ओळ उडवली, तर यादीच्या पायाखालची जागाच जाते. रो-सोर्स रिकामं करा, रेंजची किंमत ॲरेत घ्या आणि ती लिस्टबॉक्सच्या ‘लिस्ट’ला द्या. ओळ काढल्यावर यादी पुन्हा भरा. कंट्रोल-सोर्सलाही हेच लागू.

कंट्रोल्स आणि रेफरन्सेस. संपादकात ‘टूल्स’, ‘रेफरन्सेस’ उघडा आणि ‘मिसिंग’ लिहिलेलं काही आहे का पाहा. जुन्या फॉर्मवरचा तारीख निवडायचा डेट-पिकर ६४ बिटच्या ऑफिसमध्ये मिळत नाही. तो शोधून आणून बसवायच्या खटपटीत पडू नका. दिवस, महिना, वर्ष अशा तीन कॉम्बोबॉक्स पुरतात. दुसरी बाब डॉट-ईएक्सडी फाइल्सची. कंट्रोल्सची माहिती साठवणाऱ्या या तात्पुरत्या फाइल्स जुन्या राहिल्या की कंट्रोल्स बिघडतात. डिसेंबर २०१४च्या सुरक्षा अपडेटनंतर जगभर असंच झालं होतं. एक्सेल बंद करा, टेम्प फोल्डरमधल्या ‘एक्सेल८.०’ आणि ‘व्हीबीई’ या फोल्डरांतल्या डॉट-ईएक्सडी फाइल्स काढून टाका. एक्सेल त्या नव्याने बनवतं.

पाचवी पायरी : कोड बरोबर, तरी पडतं

फाइलमध्ये तुमच्या कोडबरोबर त्याचं कंपाइल केलेलं रूपही साठतं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या आवृत्त्यांत जतन होत गेलेल्या फाइलमध्ये ते कधी बिघडतं. लॉग दर वेळी वेगळ्याच ओळीवर थांबत असेल तर हा संशय धरा. प्रत्येक मॉड्यूल आणि फॉर्मवर उजवी क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, कोरं वर्कबुक उघडा, तिथे ‘इम्पोर्ट’ करा. फॉर्मच्या दोन फाइल्स होतात, डॉट-एफआरएम आणि डॉट-एफआरएक्स. दोन्ही एकाच फोल्डरात हव्यात. शीटचा आणि थिसवर्कबुकचा कोड मात्र हाताने उचलून चिकटवा. इम्पोर्ट केला तर तो वेगळा क्लास म्हणून येतो. शीट्स हलवल्यावर सूत्रं जुन्या फाइलकडे बोट दाखवत नाहीत ना, हे ‘डेटा’ टॅबवरच्या ‘एडिट लिंक्स’मध्ये (नव्या आवृत्तीत ‘वर्कबुक लिंक्स’) तपासा.

फॉर्म आकसत किंवा फुगत असेल आणि संगणकाला दोन पडदे जोडलेले असतील, तर ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’मध्ये अनेक पडद्यांसाठी ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’ निवडून एक्सेल पुन्हा सुरू करा.

दुरुस्त फाइल लगेच सगळ्यांना वाटू नका. कार्यालयात एक ३२ बिटचं ऑफिस असलेला आणि एक ६४ बिटचं ऑफिस असलेला, असे दोन संगणक निवडा आणि दोन्हींवर फॉर्म उघडा, नोंद भरा, नोंद काढा, एक्सने बंद करा, पुन्हा उघडा. लॉगच्या ओळी काढू नका. एका कॉन्स्टंटने त्या चालू-बंद होतील अशी सोय ठेवा. आणि एवढं करूनही सुटलं नाही, तर जाणकाराकडे जाताना ‘फॉर्म चालत नाही’ एवढंच सांगू नका. फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, एक्सेप्शन कोड, ऑफिसची आवृत्ती आणि बिट, लॉगच्या शेवटच्या ओळी आणि तिथला कोड पाठवा. सभासदांची नावं, खातेक्रमांक, आधार क्रमांक असलेली शीट्स त्याआधी प्रतीतून काढून टाका आणि बनावट नोंदी भरून दोष अजून दिसतो याची खात्री करून घ्या.